कोचला पैसे द्यायचे, पण कशाचे?

परदेशात नोकरी शोधणाऱ्यांना मार्गदर्शन करणारे ऑनलाइन करिअर कोच आता खेड्यापाड्यांतल्या मोबाइलवरही येऊन पोचले आहेत. या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. विदर्भातल्या तालुक्यांच्या ठिकाणांहून आणि गावांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं छापलेली नाहीत.

वय 29, मेकॅनिकल बी.ई., अमरावती विद्यापीठ. बुटीबोरीच्या एमआयडीसीत सहा वर्षं मेन्टेनन्सला आहे. जर्मनीत दीडशेच्या वर अर्ज टाकले, एकही फोन नाही. एक कोच तीन महिन्यांच्या पॅकेजचे साठ हजार सांगतो. घ्यावं का?
*– दारव्हा, जि. यवतमाळ*

आत्ता तरी घेऊ नका. गाडं नेमकं कुठं अडलंय ते आधी बघा. अर्ज जातात आणि फोनच येत नाही, तेव्हा दोष पात्रतेत किंवा कागदात असतो. पहिला फोन येतो पण पुढची फेरी होत नाही, तर बोलण्यात. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन राहून जातं, तर बहुधा पगाराचा आकडा, रुजू होण्याची तारीख किंवा व्हिसा आडवा येतो. तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे आणि त्याला तीन महिने लागत नाहीत.

सुरुवात पात्रतेपासून करा. अनाबिन या जर्मन सरकारी डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ शोधा. त्यासमोर ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा आहे का आणि तुमची पदवी जर्मन पदवीला समकक्ष म्हणून नोंदलेली आहे का, या दोन्ही गोष्टी बघा. विद्यापीठ सापडतं पण पदवी सापडत नाही, असं बरेचदा होतं. मग झेडएबी या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, त्याची फी 208 युरो आहे. हा कागद हातात नसताना टाकलेल्या अर्जाकडे कंपनीचा माणूस दुसऱ्यांदा बघत नाही, कारण व्हिसा मिळेल की नाही याची त्यालाच खात्री नसते.

दुसरी वाट शान्सनकार्टची, म्हणजे नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत तिकडे राहू देणाऱ्या कार्डाची. ते 1 जून 2024 पासून सुरू झालं. पदवी पूर्ण समकक्ष ठरली तर गुणांची भानगडच नाही. नाही ठरली तर किमान 6 गुण लागतात. तुमचा हिशेब असा: वय 35 च्या आत, 2 गुण. गेल्या सात वर्षांत पदवीशी संबंधित कामाचा पाच वर्षांचा अनुभव, 3 गुण. झाले पाच. जर्मन भाषेची ए2 पातळी गाठली की 1, म्हणजे सहा. त्यापुढची बी1 केली तर सात. शिवाय राहण्याखाण्याची सोय दाखवावी लागते. 2025 साली ती रक्कम महिन्याला 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे 13,092 युरो होती. कार्डावर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, पण त्या कमाईच्या आशेवर घरून निघू नका.

थेट नोकरी मिळून ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा परवाना) घ्यायचं तर पगाराची खालची मर्यादा असते. इंजिनिअरसारख्या टंचाईच्या पेशांसाठी 2025 साली ती वर्षाला 43,759.80 युरो होती. दर जानेवारीला आकडा बदलतो. अर्जात पगाराची अपेक्षा याच्या खाली लिहिली तर स्वस्तात माणूस मिळाला म्हणून कोणी खूश होत नाही. ब्लू कार्ड तेवढं हातचं जातं.

आता सीव्ही. बुटीबोरी म्हणजे काय हे श्टुटगार्टच्या माणसाला माहीत नाही. कंपनीच्या नावाखाली एक ओळ टाका: काय बनतं, किती कामगार, कोणतं प्रमाणपत्र (आयएसओ 9001 किंवा वाहनांचे भाग असतील तर आयएटीएफ 16949). मग कामाच्या ओळी. ‘मशीन मेन्टेनन्सची जबाबदारी सांभाळली’ ही ओळ दहातल्या नऊ सीव्हींत असते आणि त्यातून काहीच कळत नाही. तिच्याजागी असं काही हवं: ‘12 सीएनसी मशीन व 2 स्क्रू कॉम्प्रेसर, बेअरिंग वेळेआधी बदलण्याचं वेळापत्रक बसवलं, महिन्याचा बंद-काळ 40 तासांवरून 22 तासांवर.’ आकडे अर्थात तुमचे स्वतःचे टाका, उद्या मुलाखतीत त्यावरच प्रश्न येणार. आकडे कुठून आणायचे? ब्रेकडाउन रजिस्टरमधून. नोकरी सोडण्याआधीच ते टिपून ठेवावेत. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र उचलून आणू नयेत.

राहिली भाषा, आणि आमच्या मते तुमच्या दीडशे अर्जांचं खरं दुखणं हेच आहे. सॉफ्टवेअरवाल्याला इंग्रजीवर निभावता येतं. मेन्टेनन्सच्या माणसाला रात्रपाळीच्या ऑपरेटरशी बोलायचं असतं आणि तो ऑपरेटर जर्मनच बोलतो. साठ हजारांतला मोठा वाटा बी1 पर्यंतच्या क्लासला घाला. त्यानंतर कोच घ्यायचाच असेल तर पॅकेज नको, सुटे दोन तास विकत घ्या. पहिला तास सीव्ही फाडून बघायला, दुसरा नमुना मुलाखतीला.

कोच म्हणतो, ‘75 टक्के अर्ज सॉफ्टवेअरच फेकून देतं, माणूस बघतच नाही. आमचा फॉरमॅट घ्या.’ खरं आहे का?
*– आर्वी, जि. वर्धा*

ही टक्केवारी वर्षानुवर्षं फिरते आहे, तिच्यामागे भरवशाचा अभ्यास कोणी दाखवत नाही. वर्कडे, ग्रीनहाउस, टॅलिओ अशी सॉफ्टवेअरं अर्ज गोळा करतात, लावून ठेवतात, शोधायला सोपे करतात. आपोआप बाद होण्याचं मोठं कारण वेगळंच असतं. अर्जाच्या शेवटी विचारतात, ‘आत्ता किंवा पुढे तुम्हाला व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का?’ तिथे ‘हो’ म्हटलं की काही कंपन्यांत अर्ज तिथेच थांबतो. फॉरमॅट बदलून ते टळत नाही. खोटं ‘नाही’ लिहिलं तर ऑफरच्या वेळी उघडं पडतं.

फॉरमॅटचं पथ्य एवढंच: एक रकाना, टेबल नाही, फोन नंबर हेडरमध्ये नाही (तिथला मजकूर कधीकधी वाचलाच जात नाही), कौशल्यांसाठी तारे किंवा पट्ट्या नाहीत. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी सरळ क्रमाने आल्या तर सॉफ्टवेअरलाही त्या वाचता येतील. याला पाच मिनिटं लागतात. पैसे लागत नाहीत.

पोरगा अमेरिकेत एमएस झाला मे महिन्यात. ओपीटी चालू हाय म्हणते, पन नोकरी भेटून नाही राह्यली. एक कोचिंगवाला म्हणते आत्ता काही देऊ नका, नोकरी लागली का दोन वर्षं पगाराचे पंधरा टक्के घेऊ. दुसरा म्हणते दीड लाख भरा, तीन वर्षांचा अनुभव दाखवून देतो. वावर गहाण टाकाची तयारी हाय. कोनाचं आयकाव?
*– मेहकर तालुका, जि. बुलडाणा*

भाऊ, दुसऱ्याला दारातूनच परत पाठवा. अनुभव ‘दाखवून’ देतो म्हणजे खोटा लिहितो. तुमच्या मुलाने व्हिसासाठी डीएस-160 हा फॉर्म भरला, तेव्हा आधीच्या नोकऱ्या त्यात लिहिल्या आहेत. कॉलेजच्या तारखाही स्वतंत्र नोंदलेल्या आहेत. नवा सीव्ही त्याच्याशी जुळत नाही, आणि कंपनी पार्श्वभूमी तपासताना पगाराच्या पावत्या, फॉर्म 16, पीएफचं पासबुक मागते. नोकरी जाते ती जाते, पण इमिग्रेशनशी खोटं बोलल्याचा ठपका बसला तर अमेरिकेत येण्याची कायमची बंदी लागू शकते. ओपीटीसाठी (म्हणजे शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कामाच्या मुभेसाठी) नावापुरत्या कंपन्या दाखवणाऱ्यांवर तिथल्या इमिग्रेशन खात्याने 2020 च्या ऑक्टोबरात कारवाई केली, तेव्हा 15 विद्यार्थी धरले गेले. त्यांत बहुतेक भारतातले होते.

पहिल्याचा सौदा खोटा असेलच असं नाही, पण महाग आहे. समजा वर्षाला 80,000 डॉलर पगार लागला. पंधरा टक्के म्हणजे 12,000, दोन वर्षांचे 24,000 डॉलर. रुपयांत वीस लाखांच्या वर. सही करण्याआधी मुलाला चार गोष्टी वाचायला सांगा: टक्के कर कापण्याआधीच्या पगारावर की नंतरच्या; मुलाने स्वतः शोधलेल्या नोकरीवरही लागू आहेत का (बहुतेक करारांत असतात); जास्तीत जास्त किती रक्कम; आणि मधेच नोकरी सुटली किंवा भारतात परत आला तर काय. एकाचंही उत्तर लेखी मिळत नसेल तर सही नको.

पैशांपेक्षा तुमच्याकडे दिवस कमी आहेत. ओपीटीच्या पहिल्या वर्षात एकूण 90 दिवसच बिनकामाचं राहता येतं. हे दिवस पदवीपासून नाही, तर ओपीटीच्या कार्डावर छापलेल्या सुरुवातीच्या तारखेपासून मोजतात, शनिवार-रविवार धरून. स्टेम विषयाची (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) 24 महिन्यांची मुदतवाढ मिळाली तर आणखी 60 मिळतात, सगळे धरून 150. मुलाला आज फोन करून विचारा, किती दिवस वापरले गेले.

दिवस संपत आले असतील तर वाट आहे. पहिल्या वर्षाच्या ओपीटीत आपल्या विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान 20 तासांचं बिनपगारी कामही चालतं, मात्र ते कामगार कायद्यात बसणारं हवं. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत किंवा स्वयंसेवी संस्थेत ते मिळू शकतं. त्याचं पत्र घ्यायचं आणि 10 दिवसांच्या आत तिथल्या सरकारच्या एसईव्हीपी पोर्टलवर नोंद करायची. मुदतवाढीच्या काळात मात्र पगारी कामच लागतं आणि कंपनी ई-व्हेरिफाय या (कामाचा हक्क ऑनलाइन तपासण्याच्या) सरकारी योजनेत असावी लागते. याची खातरजमा कॉलेजच्या डीएसओ या अधिकाऱ्याकडूनच करून घ्यावी, कोचकडून नाही.

आणि ज्या विद्यापीठाला एवढी फी भरली, त्याचं करिअर सेंटर मुलाने उघडून बघितलंय का? सीव्ही तपासणी, नमुना मुलाखत, माजी विद्यार्थ्यांची यादी, सगळं तिथे फुकट असतं, बरेचदा पदवीनंतरही काही काळ. एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी कोणत्या कंपन्यांनी अर्ज केले याची यादी अमेरिकी इमिग्रेशन खातं स्वतः प्रसिद्ध करतं. त्यातल्या कंपन्या निवडून, तिथे काम करणारा आपल्याच कॉलेजचा माणूस गाठून, दिवसाला पाच अर्ज नीट टाकले तर ते शंभर अंधारातल्या अर्जांपेक्षा उजवे. वावर आहे तसं राहू द्या.

सॉफ्टवेअर टेस्टर आहे, लग्न-बाळंतपणात चार वर्षांचा खंड पडला. आयर्लंड, नेदरलँड्सच्या दोन मुलाखती झाल्या, दोन्ही पहिल्याच फेरीत संपल्या. इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळते. त्यात घरी नेट आणि लाइटचा भरवसा नाही.
*– अचलपूर, जि. अमरावती*

ताई, कोचच्या पैशांचं चीज होतं ते तुमच्यासारख्यांच्या बाबतीत. बोलण्याचा सराव एकट्याने होत नाही. चार ते सहा तास, आठवड्याला एक, एवढं पुरे. प्रत्येक तास नमुना मुलाखतीचाच हवा आणि त्याचं रेकॉर्डिंग मिळायला हवं. तासभर प्रेरणादायी बोलणारा कोच असेल तर पुढचा तास घेऊ नका.

खंडाबद्दल सीव्हीत एकच ओळ लिहा, तारखांसह: ‘2021–2025, कौटुंबिक जबाबदारी.’ त्याखाली या काळात जे शिकलात ते. काहीच नसेल तर टेस्टिंगची आयएसटीक्यूबी ही पायाभूत परीक्षा द्या आणि सेलेनियम किंवा प्लेराइट या टेस्टिंगच्या साधनावर एक छोटा प्रकल्प करून गिटहबवर ठेवा. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत सांगून लगेच कामाकडे वळा. माफी मागितल्यासारखं पाच मिनिटं समजावत बसलं की समोरच्याला तेच लक्षात राहतं.

‘एखादा अवघड प्रसंग सांगा’ या प्रश्नाला उत्तराचा ठरलेला साचा आहे: परिस्थिती, तुमच्यावर असलेलं काम, तुम्ही काय केलंत, काय झालं. पूर्ण उत्तर दीड ते दोन मिनिटांचं. आपली माणसं पहिल्या भागात अडकतात, प्रोजेक्टची वंशावळच सांगत बसतात. परिस्थितीला वीस सेकंद, ‘मी काय केलं’ याला निदान मिनिटभर. आणि ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय मोडा. घरात तो विनय ठरतो, पण मुलाखत घेणाऱ्याला तुमचा वाटा कोणता हेच कळत नाही. सहा प्रसंग निवडा, प्रत्येक इंग्रजीत मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा बोला. पाठ करू नका, कारण मधे प्रश्न आला की पाठ केलेलं तुटतं.

वेळेचा घोळ टाळा. बर्लिन-ॲमस्टरडॅमचे सकाळचे 10 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे 1.30, हिवाळ्यात 2.30. डब्लिनचे 10 म्हणजे 2.30 आणि 3.30. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत तोंडी हिशेब हमखास चुकतो. कॅलेंडरचं निमंत्रण स्वीकारा, मोबाइल वेळ आपोआप लावतो.

लाइटसाठी राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा, लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी अपलोडचा वेग तपासा, दीड-दोन एमबीपीएसच्या खाली असेल तर जागा बदला. टिनाच्या छपराखाली पावसात बसू नका. आणि एप्रिल-मेमध्ये कूलर! त्याची घरघर माइक तुमच्या आवाजाआधी उचलतो. खोली आधी तासभर गार करून घ्या आणि मुलाखत सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी कूलर बंद करा. मधेच व्हिडिओ तुटला तर घाबरून मेसेज टाइप करत बसायचं नाही. मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायचं की संपर्क तुटला तर याच लिंकवर दोन मिनिटांत परत येते.

चांगला कोच ओळखायचा कसा? एकाने लिंक्डइनचा पासवर्ड मागितला, म्हणाला माझ्या नावाने रोज पन्नास अर्ज टाकेल.
*– पुसद, जि. यवतमाळ*

पासवर्ड देऊ नका. दुसऱ्याने खातं चालवणं लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही, खातं बंद पडू शकतं, आणि कोणत्या कंपनीला काय लिहून गेलं हे तुम्हालाच माहीत नसतं.

करिअर कोच व्हायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. आयसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रमाणपत्रं आहेत: एसीसीला किमान 100 तासांचा कोचिंगचा अनुभव, पीसीसीला 500, एमसीसीला 2,500. पण त्यावरून त्या माणसाला तुमच्या क्षेत्रातली भरती कळते असं ठरत नाही. सरळ विचारा: माझ्या पेशातल्या, माझ्याच देशात जाऊ बघणाऱ्या किती जणांबरोबर गेल्या वर्षी काम केलं, त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? टाळाटाळ झाली की समजून घ्या.

व्हिसाचा सल्ला ही वेगळी गोष्ट. कॅनडात पैसे घेऊन तो द्यायला वकील किंवा आरसीआयसी (परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार) असावं लागतं, ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील, ब्रिटनमध्येही नोंदणी सक्तीची आहे. कोच ‘व्हिसाची हमी’ देत असेल तर तो आपल्या कामाच्या बाहेर गेला आहे. नोकरीच्या हमीचंही तेच.

बी.एस्सी. नर्सिंग, तीन वर्षं अनुभव. जर्मनीसाठी एक ‘कोच’ कोचिंग, भाषा आणि प्लेसमेंट मिळून साडेतीन लाख मागतो.
*– ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर*

नोकरी लावून देण्याचे पैसे घेतो म्हणजे तो कोच नाही, भरती एजंट आहे. अशा एजंटला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि जीएसटी घेता येतो, म्हणजे 18 टक्क्यांनी 35,400. पावती घ्यायचीच.

जर्मनीत परिचारिकांच्या भरतीसाठी सरकारी मान्यतेचं एक गुणवत्ता-चिन्ह आहे, ‘फेअर भरती’चं. ते मिळवलेल्या संस्थांना परिचारिकेकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत, खर्च रुग्णालय उचलतं. त्या यादीतली संस्था शोधा. तुमच्या पदवीची मान्यता तिथलं राज्य ठरवतं. काही विषय कमी पडले तर तसं पत्र येतं, मग रुजू होऊन जुळवणीचा अभ्यासक्रम किंवा ज्ञानपरीक्षा. पूर्ण परवान्याला सहसा बी2 जर्मन लागतं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने शून्यापासून बी2 पर्यंत 45 मिनिटांच्या 600 ते 800 तासिका. ‘चार महिन्यांत बी2’ सांगणाऱ्याला विचारा, रोज किती तास?

पैसे आधीच ऑनलाइन गेले असतील आणि माणूस फोन उचलत नसेल तर वाट न बघता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. वडिलांच्या नावापुढे एकीकडे ‘राव’ आहे, दुसरीकडे नाही. अडचण येईल का?
*– मोर्शी, जि. अमरावती*

नावांचा क्रम बदलला तर फारसं बिघडत नाही. ‘राव’ मात्र त्रास देतो, कारण कागद तपासणाऱ्या परदेशी कारकुनाला ‘रमेश’ आणि ‘रमेशराव’ ही दोन माणसं वाटतात. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा. सीव्ही, लिंक्डइन, ईमेल, भाषेच्या परीक्षेचा फॉर्म, सगळीकडे तेच, त्याच स्पेलिंगने. परीक्षेच्या प्रमाणपत्रावर चुकलं तर दुरुस्तीला महिने जातात, म्हणून फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेवा. जुन्या कागदांसाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. फरक मोठा असेल, आडनावच वेगळं असेल, तर राजपत्रात नावबदल करून घेतलेला बरा.

विद्यापीठाच्या नावाचंही बघा. अमरावती आणि नागपूर ही दोन्ही विद्यापीठं 2005 पासून संत गाडगे बाबा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्या नावाने ओळखली जातात. त्याआधीची पदवी असेल तर सीव्हीत आजचं नाव लिहून पुढे ‘पूर्वीचं’ म्हणून जुनं नाव द्या, म्हणजे डेटाबेसमध्ये शोधणाऱ्याला दोन्ही सापडतात. ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाची अधिकृत गुणनोंद) मागवाल तेव्हा चार-पाच सीलबंद प्रती एकदमच मागा. पाकीट उघडलं की त्याची किंमत जाते, आणि दुसऱ्यांदा विद्यापीठात खेटे घालायला रजा मिळत नाही.